भिंतीपलीकडची तिसरी-चौथी

ताई, तुम्ही गेल्यापासून मला एक सवय लागली आहे. जेवायच्या सुट्टीत पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन ओट्यावर बसतात, मी माझा डबा उघडते आणि मोठ्यानं म्हणते, "आज मीठ जास्तच पडलंय." पोरं वळून बघतात. ती जेवायला लागतात, मीही. मीठ खरंच जास्त पडलेलं असतं. एकटीच्या स्वयंपाकाचा अंदाज मला अजून येत नाही.

आपली शाळा कुणाला सांगायची तर एका दमात सांगून होते. पेठकडच्या डोंगरातला एक पाडा, त्याच्या टोकाला दोन खोल्या आणि मध्ये भिंत. अलीकडे पहिली-दुसरी, माझी. पलीकडे तिसरी-चौथी, तुमची. पोरांच्या लेखी तुम्ही मोठ्या बाई, मी धाकट्या बाई. भिंत छपरापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे तुमचा वर्ग माझ्या वर्गात ऐकू यायचा. माझी दुसरीतली पोरं तिसरीत जाण्याआधीच तेरापासूनचे पाढे म्हणायची, शिकवल्याशिवाय. तुमच्याकडे कविता सुरू झाली की माझ्याकडची बाराखडी बंद पडायची आणि पोरं माना वर करून छपराकडे बघत बसायची. मी वैतागून भिंतीवर डस्टर आपटायची. पलीकडून तुमचा आवाज यायचा, "ऐकू दे गं! पुढच्या वर्षी माझं काम तेवढंच कमी!"

आता भिंतीपलीकडून काही येत नाही. नवीन शिक्षक अजून मिळालेला नाही. चारही वर्ग माझ्याकडे आहेत.

मी या शाळेवर आले तेव्हा ट्रंक धरून एसटीतून उतरले होते. जन्म देवळाली कॅम्पातला. तोफांच्या सरावाचे आवाज ऐकत वाढलेली, पण डोंगरात एकटीनं राहायची वेळ कधी आली नव्हती. तुम्ही शाळेच्या दारात उभ्या होतात. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, पदर कमरेला खोचलेला. नाव-गाव विचारण्याआधी तुम्ही विचारलंत, "स्टोव्ह आणलास का?"

"नाही. घ्यायचाय अजून."

"घेऊ नकोस. दोन स्टोव्ह झाले की दोन स्वयंपाक होतात."

तेवढ्यावर आपण बारा वर्षं एका खोलीत राहिलो. तुमचं लग्न टिकलं नव्हतं, त्याबद्दल मी कधी विचारलं नाही. माझं जमत नव्हतं, त्याबद्दल तुम्ही कधी विचारलं नाहीत. बाकी सगळ्या गोष्टींवरून आपण भांडलो.

पहिलं भांडण यमुनेवरून झालं. पहिलीत नुकतीच आलेली, हडकुळी, केसांना तेल चोपडून आणलेली पोर. मी नाव विचारलं तर म्हणाली, "माना नाव यमुना आहा." मला इतकं गोड वाटलं की मी ते तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं. पोरं खूश झाली. आपल्या घरातलं बोलणं फळ्यावर उतरलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

संध्याकाळी तुम्ही नागलीचं पीठ मळत होतात. म्हणालात, "फळ्यावर काय लिहिलं होतंस आज?"

"यमुना बोलली ते."

"चूक फळ्यावर लिहायची नसते."

"चूक कुठंय ताई? त्यांची भाषा आहे ती. आपलं पुस्तकातलं 'आहे' त्या पोरीनं अजून धड ऐकलंसुद्धा नाही."

"म्हणून तर आपल्याला पगार देतात."

मी बरंच बोलले. डी.एड.ला शिकलेलं सगळं बोलले. मूल आपल्या भाषेत विचार करतं, आपल्या भाषेत लवकर शिकतं, वगैरे. तुम्ही भाकरी थापत सगळं ऐकून घेतलंत. मग तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवून म्हणालात, "सुनीता, तुझ्या आईची भाषा पुस्तकात आहे. दुसऱ्याच्या भाषेचं कौतुक करायला तुझं काय जातं?"

मला राग आला होता. तुम्ही पुढचं सांगितलंत ते भाकरी उलटताना, माझ्याकडे न बघता. तुम्ही सटाण्याकडच्या, घरी अहिराणी. नाशिकला डी.एड.ला आलात, वसतिगृहात पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणालात, "मनं नाव निर्मला शे." खोली हसली. मग वर्षभर तुमचं नावच 'शे' पडलं. ए शे, बादली आण. शे, तुझं पत्र आलंय. तुम्ही गच्चीवर जाऊन जुनी वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचायच्यात, एकटीच, जिभेला वळण लागेपर्यंत. दुसऱ्या वर्षी वक्तृत्वात बक्षीस मिळवलंत आणि त्यानंतर अहिराणी बोलायचं सोडलंत.

खरंच सोडलं होतंत. पेठच्या एसटीडी बूथवरून तुम्ही भावाला फोन करायच्यात तेव्हा मी बाहेर बाकावर बसलेली असायची. तो तिकडून अहिराणीत बोलत असणार. तुमचं मात्र "हो दादा, मी बरी आहे. वहिनींना सांग, लोणचं मिळालं," असं एखाद्या बातमीसारखं स्वच्छ चालायचं. माझ्या आईला तुमचं मराठी फार आवडायचं. ती मला म्हणायची, बघ, बाई खेड्यातल्या असून किती शुद्ध बोलतात, तू कॅम्पातल्या पोरांसारखी हिंदी मिसळतेस.

त्या संध्याकाळनंतर मी गप्प बसले असं नाही. पण माझा आवाज खाली आला.

तुमची तिसरी म्हणजे मला दुसऱ्या सत्रातच आठवते. तिसरीला नाशिक जिल्हा असायचा. तुम्ही नकाशा भिंतीवर टांगायच्या नाहीत. अंगणात फक्कीनं जिल्ह्याची हद्द मारायची आणि तालुक्याच्या जागी एकेक पोर उभं करायचं. गोदावरी म्हणून तुमची जुनी निळी साडी अंथरलेली, त्र्यंबकपासून पार टोकापर्यंत. "कळवणनं सांगावं, तुझ्या शेजारी कोण?" असं तुम्ही विचारायच्यात, आणि कळवण झालेलं पोर इकडे-तिकडे बघून उत्तर द्यायचं. पूर्ण वाक्यात. अर्धं वाक्य तुम्हाला चालायचं नाही. माझी पहिली-दुसरी तोवर कडेला बसून टाळ्या वाजवायची. कुठला अभ्यास नि कुठलं काय, त्या दिवशी सगळी शाळा भूगोल शिकायची.

आणि मग तालुके कमी व्हायला लागायचे. दिवाळीनंतर द्राक्षबागांची कामं निघाली की पाड्यावरची निम्मी घरं निफाड-दिंडोरीकडे निघून जायची, पोरांसकट. होळीला परत. एके दिवशी तुम्ही अंगणात उभ्या राहून पुकारलंत, "निफाड कुठाय?" पोरांपैकी कुणी तरी म्हणालं, "बाई, निफाड निफाडला गेला." तुम्ही हसलात. मग हसू आवरून त्या रिकाम्या जागेवर एक दगड ठेवलात आणि धडा पुढे नेलात. दुपारी मी बघितलं तर तुम्ही अंगणात एकट्याच उभ्या. जिल्ह्यात दगडच जास्त झाले होते.

यमुना तिसरीत होती त्या वर्षी जंक्शन म्हणजे काय ते काही केल्या पोरांना कळेना. मनमाड जंक्शन, मनमाड जंक्शन असं सगळी घोकायची. तुम्ही विचारलंत, "आगगाडी कुणी पाहिलीय?" एकही हात वर नाही. मनमाड फार लांब. मी म्हटलं, आमच्या देवळालीला नेऊ या, गाडी तरी बघतील. तुम्ही पाड्यावर घरोघर फिरलात, आयांना समजावलंत, आणि आपण गेलो. एसटीनं नाशिक, तिथून दुसरी बस. माझ्या आईनं सगळ्यांना पोहे केले. लांबून तोफेचा धडाका झाला तशी पोरं माझ्या आईच्या पलंगाखाली शिरली. आई एकेकाला पाय धरून बाहेर ओढत होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग स्टेशन. पॅसेंजर आली, थांबली. पोरं खांबाला चिकटून उभी. यमुना तेवढी पुढे झाली. खिडकीत बसलेल्या एका बाईला तिनं विचारलं, "यी गाडी कठ जाहा?"

ती बाई शेजारणीकडे बघून हसली. "काय म्हणते गं ही? कुठून आणलीत ही पोरं?"

तुम्ही खिडकीशी गेलात. तुमचा आवाज चढला नाही, पण असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. "गाडी कुठे जाते असं विचारलंय तिनं. कळलं नाही का तुम्हाला? माहीत असेल तर सांगा, नसेल तर नाही म्हणा. हसता कशाला?"

बाई चपापली. "मनमाडला," म्हणाली.

"यमुने, मनमाडला जाते," तुम्ही म्हणालात. "थँक यू म्हण मावशींना."

परतीच्या बसमध्ये मला वाटत होतं, भांडण मिटलं. मी जिंकले. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून सगळा वर्ग एका सुरात म्हणत होता, "गाडी कुठे जाते? गाडी कुठे जाते?" मी मधल्या सुट्टीत तणतणत आले. "काल तर तुम्ही त्या बाईला..."

"त्या बाईला काल मी गप्प केलं," तुम्ही म्हणालात. "दर गाडीला मी कुठून येणार?"

  पण यमुना त्या दिवसानंतर वर्गात कमी बोलायला लागली, हे मला भिंतीअलीकडूनही कळत होतं, आणि ते सांगितलं तेव्हा तुम्ही स्टोव्हला पंप मारत राहिलात.  आपण ते भांडण तसंच कपाटावर ठेवून द्यायचो आणि अधूनमधून खाली काढायचो.

पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा तुम्ही पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसलात. "आधी मला शिकव." चाळिशी ओलांडलेल्या तुम्ही, हात-डोळे-नाक दाखवत इंग्रजी गाणं म्हणत होतात, आणि मी उच्चार सुधारत होते. मी हसले नाही. तुम्ही पुस्तक मिटून म्हणालात, "बोलायला शिकण्याची माझी तिसरी वेळ ही." मग स्वतःच हसलात.

माझे वडील गेले तेव्हा तुम्ही देवळालीला येऊन राहिलात, तेराव्यापर्यंत. आमच्या नातेवाइकांत बसलात, स्वयंपाक केलात, मला बळंच आंघोळीला पाठवलंत. याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. म्हणायला गेले असते तर तुम्ही वाक्य दुरुस्त केलं असतंत.

या दिवाळीनंतर तुम्ही शाळा उघडायला आलात, पण आठवड्यातच पोट धरून बसलात. आधी पेठला दाखवलं, मग नाशिकला. भावानं गंगापूर रोडच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी मला काही सांगितलं नाही, कारण मी कुणी नव्हते. वहिनींनी जिन्यात सांगितलं. पोटातली गाठ फार वाढलेली होती. कापून उपयोग नव्हता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटी पकडून यायची. तब्येतीचं विचारू लागले की तुम्ही हात हलवायच्यात. "ते राहू दे. तिसरी कुठवर आली?"

मग मी सांगत बसायची. पहिलीला जोडाक्षरांआधीचे शब्द झालेत, वाचन बरं आहे. दुसरीला हातच्याची वजाबाकी, घड्याळ. अर्धा आणि पाऊण यात घोळ घालतात. चौथीला अपूर्णांक चालू केले, भाकरीचे तुकडे करून. हरभऱ्याला बाटलीत मोड आणून दाखवले, मुळं खाली जातात ते बघून सगळी बाटलीभोवती बसली. तिसरीला भागाकार.

"कसा सुरू केलास?"

"चिंचोके वाटून."

"वाटून नको. वजा करत करत आण. चिंचोके दिलेस की पोरं चिंचोक्यांतच रमतात."

"वाटल्याशिवाय बाकी म्हणजे काय ते कसं कळणार ताई?"

"माझ्या वर्गाला कळायचं."

"तुमच्या वर्गाला मी दुसरीत चिंचोके वाटायला शिकवून पाठवायची, म्हणून कळायचं!"

शेजारच्या खाटेवरच्या आजींनी सुनेला विचारलं, "या दोघी भांडत्यात का गं?" तुम्ही उशीवरूनच म्हणालात, "नाही आजी, शाळा चालू आहे."

त्या शनिवारनंतर तुमचा आवाज बारीक होत गेला. आणि मग एक दिवस मी आले तेव्हा तुम्ही वहिनींशी अहिराणीत बोलत होतात. पाणी मागत होतात. "माले पाणी दे." मी दारातच थांबले. बारा वर्षांत तुमच्या तोंडून मी ते ऐकलं नव्हतं. वहिनी रडत होत्या आणि हसतही होत्या. मला म्हणाल्या, "गुंगीत बोलस. पण पहा ना, आते कशी घरनी बोलस."

पुढच्या शनिवारी तुम्ही मला ओळखलंत की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. हात हातात घेतलात. ओठ कोरडे पडले होते. म्हणालात, "पोरे उनात का?"

मला वाटलं, तुम्हाला फेब्रुवारीच्या उन्हाची काळजी लागली. पोरं उन्हात बसली आहेत का, असं विचारताय. मी वाकून सांगितलं, "नाही ताई, सावलीत बसवलीत. ओट्यावर. काळजी करू नका."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग डोळे मिटलेत.

वहिनी मला बाहेर घेऊन आल्या. म्हणाल्या, "ती इचारस, पोरं आली का म्हणून. उनात म्हणजे आली. गेली होती ना ती पोरं, कामाला."

मी परत आत धावले. तुम्हाला झोप लागली होती. मी खुर्चीत बसून राहिले, शेवटची एसटी जायची वेळ झाली तोवर. तुम्ही उठला नाहीत. सोमवारी दुपारी शाळेत निरोप आला.

ताई, मी पोरांच्या बोलीची एवढी बाजू घ्यायची. पण तुमच्या बोलीतला एक शब्द मला येत नव्हता. तुम्ही कधी येऊ दिला नाहीत, हेही खरंच. कुणावर रागवायचं? काही दिवस तुमच्यावर रागावून बघितलं. जमलं नाही.

तुमच्या गावी मी एकटीच आले. बायका गोल करून बसल्या होत्या, तुमच्या लहानपणीचं सांगत होत्या. तुम्ही झाडावर चढायच्यात, बैल हाकायच्यात, मोठमोठ्यानं गाणी म्हणायच्यात, असं काहीबाही मला अर्धंमुर्धं कळत होतं. त्यांची निर्मला मला माहीत नव्हती आणि माझी त्यांना. एका म्हातारीनं मला विचारलं, तू कोण तिची? मी म्हटलं, "शाळेतली." ती म्हणाली, बरं, बरं, आणि सरकून बसायला जागा दिली. सगळ्या मोकळेपणी रडत होत्या. मला शाळेतलीला किती रडता येतं ते समजेना. मी परतीच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून रडले.

खोलीत तुमचं सामान न्यायला दादा येऊन गेले. स्टोव्ह त्यांनी ठेवला. "तुमालेच लागेल," म्हणाले.

परवा होळी आहे. काल सकाळी मी शाळेत पोचले, पाणी भरलं, पहिलीला अंगणात बसवलं, आणि मला भिंतीपलीकडून आवाज आला. पाढ्यांचा. सतराचा पाढा, एका पोरीचा आवाज पुढे आणि बाकी सगळी मागून. मी तशीच उभी राहिले. क्षणभर मला काय वाटलं ते तुम्हाला सांगायला नको.

निफाडकडून घरं आदल्या रात्रीच परत आली होती. तुमच्या वर्गाला कुलूप होतं, पण कडी कधीची सैल झालेली, ती त्यांनी काढली होती. आपापल्या जागेवर बसली होती, मोठ्या बाई येईपर्यंत पाढे म्हणत. उन्हानं काळवंडलेली, हातापायांवर औषधांच्या फवाऱ्याचे डाग, एकीच्या कडेवर धाकटा भाऊ. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी दारात गेले तशी ती उभी राहिली. पाढे म्हणवणारी ती संगीता. तिनं माझ्या मागे बघितलं. "मोठ्या बाई नाहीं उन्या?"

मी त्यांना सांगितलं. तुम्ही आजारी होतात, आणि मग गेलात. मी काय शब्द वापरले, तुमचे की त्यांचे, मला खरंच आठवत नाही. कुणी रडलं नाही. दोघं-तिघं खाली बसली, मग सगळी बसली. कडेवरचं पोर तेवढं चुळबुळ करत होतं.

फळ्यावर दिवाळीनंतरचा तुमचा धडा होता. 'पाण्याची रूपे.' खाली बर्फ, पाणी, वाफ, पहिल्या दोघांच्या पुढे चित्रं. वाफेचं चित्र काढायचं राहून गेलं होतं. अक्षर अजून इतकं स्पष्ट होतं की मला त्याच्याकडे पाठ करवेना.

 बाहेर पहिलीची पोरं भांडायला लागली होती. संगीतानं भावाला शेजारणीकडे दिलं, पुढे आली, डस्टर उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, पुसू?"

मी मान हलवली. तिचा हात वरच्या ओळीपर्यंत पोचेना. मी तिला उचलून धरलं.